डॉक्टरांची झिलई

आमच्या दवाखान्यात रोग्याची नाडी नंतर पाहिली जायची. आधी त्याला गाडी बघावी लागे.

दवाखाना कर्जतला, स्टेशनाकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे कौलारू ओसरी, ओसरीवर बाकं, आणि समोरच्या अंगणात आंब्याखाली डॉक्टरांची काळी मोटार. रोगी बाकावर टेकला, की डॉक्टर गळ्यात नळी अडकवून आतून बाहेर येत आणि त्याला काय होतंय हे विचारायच्या आधी म्हणत, "समोर बघा. पुढचा दरवाजा जास्त चमकतोय की मागचा?"

नवखा माणूस गांगरून जाई. एक तर हिवतापाने दात वाजत असायचे, त्यात हा प्रश्न. "दोनी चांगलं हायेत, डाक्टर," असं म्हणून कुणी सुटका करून घ्यायला बघे. ते चालायचं नाही. "दोन्ही चांगले आहेत हे मलाही माहीत आहे. जास्त चांगला कुठला?" हे ते इतक्या गंभीरपणे विचारत, की माणूस ताप विसरून खरोखरच निरखून बघायला लागे. उत्तर मिळालं की डॉक्टर मान हलवत आणि म्हणत, "हं. आता जीभ दाखवा."

पुण्याला नर्सचं आणि सुईणीचं शिक्षण घेऊन मी तिथे नोकरीला आले, तेव्हा दुसरी मोठी लढाई सुरू झालेली होती. डॉक्टरांचा कंपाउंडर लष्करी दवाखान्यात गेला होता, त्यामुळे औषधं करायचं कामही माझ्याकडेच आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे खल ठेवला. त्यात करड्या रंगाची पूड होती.

"बाई, ही अगदी मऊ व्हायला हवी. बोटाला लागता कामा नये."

मी मुकाट्याने घोटत बसले. बऱ्याच वेळाने विचारलं, "हे कशावरचं औषध, डॉक्टर?"

"ओरखड्यांवरचं," ते म्हणाले. "माणसाच्या नाही. गाडीच्या."

ती भाताच्या तुसाची राख होती. गिरणीवरून टोपलीभर आणवायची, पाण्यात ढवळायची, जाड भाग तळाशी बसला की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, आणि ते निवळलं की खाली जो गाळ उरेल तो वाळवून घोटायचा. मग त्यात थोडं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन. लढाईच्या आधी विलायती पॉलिशचे डबे मुंबईला हवे तितके मिळत. ते यायचे बंद झाले, तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच पॉलिशं करायला सुरुवात केली. राखेचं एक, खडूच्या पुडीचं एक, आणि तिसरं मेणाचं. मेण कशेळ्याच्या पलीकडच्या वाड्यांमधले ठाकूर आणून देत. मधाच्या पोळ्याचं ते मेण डॉक्टर गाळून, टर्पेंटाइनमध्ये विरघळवून ठेवीत. आमच्या औषधांच्या कपाटात खोकल्याच्या बाटलीशेजारी या बरण्या असत, आणि चुकून कुणाच्या पोटात जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर मी लाल दोरा बांधून ठेवलेला असे.

गाडीवर त्यांनी चिकटपट्टीच्या हद्दी आखल्या होत्या. जखमेवर लावायची तीच पट्टी. बॉनेटच्या मधोमध एक, टपावर एक. बॉनेटच्या एका बाजूला राख, दुसऱ्या बाजूला मेण. पुढच्या दरवाजाला खडू, मागच्याला जपून ठेवलेल्या शेवटच्या विलायती डब्यातलं बोटभर. सकाळी ऊन तिरपं असताना ते गाडीभोवती फिरत. तिरप्या उन्हातच रंगावरचं जाळं दिसतं, असं ते म्हणत. आणि खरंच, दुपारी आरशासारखा वाटणारा दरवाजा सकाळी बघितला, तर त्यावर कोळ्याने विणल्यासारख्या बारीक गोल रेघा दिसायच्या. ते हाताची बाही वर करून दरवाजासमोर धरीत आणि हातावरचे केस प्रतिबिंबात वेगळे मोजता येतात का ते बघत. पावसात छत्री घेऊन उभे राहत आणि कुठल्या भागावर पाण्याचे थेंब गोल टिकतात, कुठे पसरतात, ते पाहत.

रोगी तपासताना अंगात साधा सदरा. गाडीला हात लावायचा झाला, तर पांढरा एप्रन.

गावात त्यांची टिंगल व्हायची. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, म्हणून गाडीला न्हाऊमाखू घालतात, असं बायका म्हणत. डॉक्टरांच्या कानावर ते जात असणार. ते काही बोलत नसत. ओरखड्यांबद्दल मात्र खूप बोलत. पॉलिशं दोन जातींची, असं त्यांचं म्हणणं. मेणासारखी पॉलिशं ओरखडा भरून काढतात. वरून सपाट दिसतं, चार पावसांत मेण निघून जातं आणि ओरखडा होता तिथेच असतो. राखेसारखी पॉलिशं ओरखड्याच्या आजूबाजूचा रंगच झिजवतात. ओरखडा खरोखर जातो, पण त्याबरोबर रंगही जातो. "यातलं बरं कुठलं, ते अजून माझं ठरत नाही," असं ते म्हणत आणि पुन्हा अंगणात जात.

या सगळ्यामागे काय आहे, ते मला वर्षभराने कळलं. एकदा चौक गावची एक म्हातारी आली होती, खोकल्यासाठी. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न केला. ती म्हणाली, "कंचा दरवाजा? मला तं समदा काला ढगच दिसतो रं बाबा." डॉक्टर लगेच तिच्यासमोर उकिडवे बसले, तिच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि तिला सांगितलं, की खोकला राहू दे, आधी मुंबईला जाऊन मोतीबिंदू काढून घे. तिला दिसत नाही हे तिच्या घरी कुणालाच माहीत नव्हतं. ती सवयीने सगळं करत होती.

ती गेल्यावर मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही दरवाजा विचारता तो डोळे तपासायला!"

"त्यांचेही तपासले जातात," ते म्हणाले. "मुळात मी माझे तपासतो, बाई. माझे वडील माझ्या वयाचे असताना आंधळे झाले. सकाळी उठलो की मला आधी बघावं लागतं, की कालच्याइतकं दिसतंय ना. अक्षरांचा तक्ता पाठ होतो. ही रेघांची जाळी पाठ होत नाही, ती रोज वेगळी असते. म्हणून वेगवेगळी पॉलिशं. आणि माझं उत्तर बरोबर आहे का, ते चांगल्या डोळ्याच्या माणसाला विचारल्याशिवाय कसं कळणार?"

त्यानंतर मला त्यांच्या त्या फेऱ्यांचं हसू आलं नाही. त्यांचं आणि रोग्यांचं उत्तर जुळलं, की त्यांचा दिवस चांगला जाई. आणि ते नेहमी जुळत असे. पन्नाशी उलटलेला तो माणूस गाडीच्या दरवाजावरची केसासारखी रेघ मला दाखवी, जी मला माझ्या तरुण डोळ्यांनी शोधावी लागे.

तरी काही गोष्टी खटकत होत्या. मागच्या खोलीत जाताना त्यांचा डावा खांदा चौकटीला आपटायचा. त्यांच्या डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप तसाच निवत राहायचा आणि ते मला विचारत, "आज चहा नाही का?" बाजारात लोक म्हणू लागले होते, की डॉक्टरांना हल्ली गर्व झालाय. बाजूने नमस्कार केला तर घेत नाहीत. मला वाटायचं, मनात पॉलिशं घोळत असतील.

लढाईमुळे पेट्रोल कुपनांवरच मिळे; डॉक्टर म्हणून त्यांना ती कुपनं मिळत. आठवड्यातून एकदा ते पळसदरीवरून खोपोलीमार्गे खालापूरकडे जात. वाटेत कुंभिवलीला शाळेच्या ओसरीवर रोगी जमलेले असत. एखादी अडलेली बाळंतीण असली तर मीही बरोबर असे. त्या दिवशी मी मागच्या सीटवर होते, मांडीवर बॅग. भातकापणी उरकून गेलेली, शेतं मोकळी, हवा स्वच्छ. समोरून लष्करी लॉऱ्यांची रांग येत होती. डॉक्टरांनी गाडी हळू केली आणि लॉऱ्यांना वाट द्यायला डावीकडे घेतली.

डावीकडे, रस्त्याच्या अगदी कडेला, पेंढ्याने भरलेली बैलगाडी उभी होती. मला ती खूप लांबून दिसली होती. चाकाजवळ एक माणूस उभा होता. ती डॉक्टरांना दिसत नसेल, हे माझ्या मनातही आलं नाही. मी ओरडले तेव्हा उशीर झाला होता.

लोखंडावर लाकूड घासत गेल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. गाडी थांबली. एक बैल दावं तोडून शेतात पळाला. तो माणूस मोटारीचं मडगार्ड आणि बैलगाडीचं चाक यांच्यामध्ये सापडून खाली बसला होता, आणि त्याचा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता.

डॉक्टर खाली उतरले. चेहरा पांढरा पडलेला, आणि घाबरलेला माणूस ओरडतो तसे ते ओरडले, "असा मध्येच कुठून आलास तू?"

त्या माणसाने वर पाहिलं. कळा सोसत होता, तरी आवाजात राग नव्हता, नवल होतं.

"मी कुटनं येनार, डाक्टर? मी इतंच उभा हाय. तुमचीच गाडी आली म्हनून वाट देऊन उभा हाय."

डॉक्टरांनी मान डावीकडे पूर्ण वळवून बैलगाडी पाहिली, मग पुन्हा समोर पाहिलं, मग पुन्हा डावीकडे. असं त्यांनी का केलं, ते तेव्हा मला समजलं नाही.

त्या माणसाचं नाव धाकू. कुंभिवलीचाच, स्वतःची थोडी जमीन आणि ही बैलगाडी. लोक धावत आले. त्याच्या भावाने बैल धरले. आम्ही छत्रीच्या काड्या आणि पंचा बांधून पाय स्थिर केला आणि त्याला मागच्या सीटवर घालून कर्जतला आणलं. गाडी डॉक्टरांनी चालवली नाही. खोपोलीच्या मोटार दुरुस्तीवाल्याला बोलावून घेतलं, त्याने चालवली. डॉक्टर वाटभर धाकूचा पाय धरून बसले होते.

हाड त्यांनीच बसवलं. संध्याकाळी धाकूला गुंगी आल्यावर ते आतल्या खोलीत रोग्याच्या स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, "बाई, समोर बसा. मी तुमच्या नाकाकडे बघतो. तुम्ही एक बोट बाजूने हळूहळू पुढे आणा. मला दिसलं की मी सांगेन."

ही तपासणी त्यांनीच मला शिकवली होती. मी त्यांच्या उजवीकडून बोट आणलं. ते बरंच पुढे आल्यावर म्हणाले, "दिसलं." मग मी डावीकडून आणायला लागले.

"सुरू करा," ते म्हणाले.

"सुरू केलंय, डॉक्टर."

ते माझ्या नाकाकडे बघत राहिले. माझं बोट त्यांच्या कानाजवळून गालाशी आलं, गालापासून जवळजवळ नाकाशी. तेव्हा कुठे ते म्हणाले, "हं."

मी हात खाली घेतला. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"काचबिंदू," ते म्हणाले. "हा कडेकडेने खातो, मधलं शेवटपर्यंत ठेवतो. मी मोतीबिंदूची वाट बघत होतो. रोज दरवाजाच्या समोर उभा राहून समोरच बघत होतो. पेपर मीच काढायचा, मीच सोडवायचा आणि मीच पास व्हायचं."

मी उठून चहा केला. त्यांच्या उजव्या हाताला ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालापूरचे फौजदार आले. चांगला माणूस होता. त्यांच्या आईला डॉक्टरांनी विषमज्वरातून उठवलं होतं. ओसरीवर धाकूच्या खाटेशेजारी बसून त्यांनी कागद काढले आणि डॉक्टरांना म्हणाले, "तुम्ही त्रास घेऊ नका. मी लिहितो. बैलगाडी रस्त्याच्या मधोमध होती, समोरून लष्करी लॉऱ्या आल्या, डॉक्टरांचा नाइलाज झाला. एवढं पुरे."

डॉक्टरांनी काही म्हणायच्या आत धाकूच बोलला. "व्हय साहेब. माजीच चूक. मी मदी हुतो."

त्याच्या बोलण्यात कुठलाही त्याग वगैरे नव्हता. समोर फौजदार, बाजूला डॉक्टर, आपण बैलगाडीवाले; चूक आपली असणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. मला त्याच्याकडे बघवेना.

"खोटं बोलू नकोस रे," डॉक्टर म्हणाले. "तू कडेला उभा होतास. पाय मी मोडलाय." मग फौजदारांकडे वळून, "लिहा. मोटार चालवणाऱ्याला डावीकडचं दिसत नाही. काचबिंदू आहे. त्याला ते कळायला हवं होतं, कारण तो डॉक्टर आहे."

फौजदारांनी दौतीतून टाक बाहेर काढला आणि तसाच हातात धरला. "डॉक्टर, हे एकदा कागदावर आलं की कचेरीत जाईल. कचेरीतून गावात. दिसत नसलेल्या डॉक्टरकडे कोण येईल उद्या?"

"तो माझा प्रश्न आहे."

"तुमचा कसा? या बाईंची नोकरी आहे. रोगी आहेत. माझी आई आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मान पुरी वळवून पाहिलं. मी त्या वेळी काय चेहरा केला असेल ते मला माहीत नाही. पण मी होकाराची मान हलवली एवढं आठवतं.

"लिहा," ते म्हणाले.

फौजदारांनी लिहिलं. डॉक्टरांनी सही केली, आणि सहीच्या खाली स्वतःचा मोटार चालवायचा परवाना ठेवून दिला. धाकू त्या सगळ्या वेळात एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. फौजदार गेल्यावर त्याने मला हळूच विचारलं, "बाय, डाक्टरला आता तुरुंगात घालनार काय?" मी म्हटलं, "नाही रे. दंड होईल." तो म्हणाला, "मंग असं कशाला लिवून दिलं त्यांनी?" त्याला ते पटलेलं नव्हतं.

धाकू आमच्या ओसरीवर बरेच आठवडे होता. डॉक्टर त्याला हाड जुळेपर्यंत सोडायला तयार नव्हते. त्या दिवसांत रोगी खरोखरच कमी झाले. स्टेशनाजवळ एक नवे डॉक्टर आले होते, त्यांच्याकडे गर्दी वाढली. आमची बाकं सकाळच्या वेळीसुद्धा मोकळी असत. डॉक्टर टाके घालत नसत, ते मी घालायचे. डॉक्टर मला आपल्या उजव्या हाताला बसवून सांगत. सुईची दिशा, दोऱ्याचा ताण, सगळं त्या काळात त्यांनी माझ्या हातात घातलं.

आणि मोकळ्या वेळात ते गाडीपाशी. खोपोलीच्या दुरुस्तीवाल्याने डावी बाजू ठोकून सरळ केली होती, खड्डे पुट्टीने भरून काळा रंग मारला होता. डॉक्टर त्या नव्या रंगावर पुन्हा चिकटपट्ट्या लावून राख, खडू, मेण करायला लागले.

मी न राहवून विचारलं, "आता कशाला, डॉक्टर? डोळ्यांचं तर कळलंय."

"आधी डोळ्यांसाठी करत होतो," ते म्हणाले. "आता बरं वाटतं म्हणून करतो."

धाकू खाटेवरून हे बघत असे. एकदा तो म्हणाला, "डाक्टर, एक इचारू? हे रोज घासून घासून रंग सरत नाय काय?"

"सरतो. दर खेपेला थोडा जातो."

"मंग एक दिस समदाच जाईल की."

"जाईल."

धाकूने यावर विचार केला. "आमच्याकडं भांडी अशीच जात्यात," तो म्हणाला. "घासून घासून. पन मंग भांडं जेवायला तरी उपेगी पडलेलं असतं."

डॉक्टर मोठ्याने हसले. अपघातानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्या दिवसापासून ते काम करताना धाकूशी बोलायला लागले. बैलांबद्दल विचारत, त्याच्या जमिनीबद्दल विचारत. धाकूला पॉलिश कळत नव्हतं, पण कुठे डाग राहिला ते तो खाटेवरून ओरडून सांगे: "डावीकडं, डाक्टर! आनकी डावीकडं!" आणि डॉक्टर तिकडे मान वळवत.

पाय जुळला. पट्ट्या काढल्या त्या दिवशी धाकू अंगणात चालला आणि आम्हाला दोघांनाही दिसलं, की पाय थोडा आखूड झालाय. तो लंगडत होता. धाकूला त्याचं फारसं काही वाटलं नाही. पाय चालतोय हेच त्याला पुष्कळ होतं. त्याने डॉक्टरांच्या पाया पडायला वाकण्याचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी त्याला धरलं.

तो बैलगाडीत बसून गेल्यावर ते म्हणाले, "हाड बसवतानाही मला पुरतं दिसत नव्हतं, बाई. मी त्याला मुंबईला पाठवायला हवं होतं. एकाच माणसाचं मी दोनदा नुकसान केलं." त्यानंतर त्यांनी मोडलेलं हाड कधी हाती घेतलं नाही.

मग ते स्वतः मुंबईला गेले. डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्यातलं जे गेलं होतं ते परत येणार नव्हतं. उजव्यातलं काही वर्षं राहील, असं सांगून त्यांना घरी पाठवलं. मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे. थेंब घातले की बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होई, आणि त्यांना सगळं अंधारल्यासारखं दिसे. पण त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. तिरप्या उन्हातली जाळी आता दिसत नव्हती. ते तळहात दरवाजावरून फिरवत आणि मला विचारत, "इथे राख होती ना?" बहुतेक वेळा बरोबर असायचं. चुकलं, की मी "नाही, मेण" असं सांगायचे. खोटं बरोबर म्हटलेलं त्यांना चाललं नसतं.

लढाई संपल्यानंतर काही काळाने त्यांनी गाडी विकायचं ठरवलं. पनवेलचा एक लाकडाचा ठेकेदार बघायला आला. अंगणात पाऊल टाकताच तो थांबला. एवढी जुनी गाडी, आणि तिच्यात आंब्याचं पान न् पान दिसत होतं.

"नवीकोरीच आहे हो," तो म्हणाला. "मी घेतली."

"थांबा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ठेकेदाराचा हात धरला आणि डाव्या दरवाजावर टेकवला. "इथे दाबा. इथे पुट्टी आहे. हा मडगार्ड ठोकून सरळ केलाय, पाऊस लागला की कडेने गंजेल. बॉनेटच्या या कोपऱ्यावरचा रंग इतका पातळ झालाय, की आणखी घासलात तर खालचं अस्तर दिसेल. हे सगळं पॉलिशने झाकलंय. आता घ्यायची तर घ्या."

ठेकेदार माझ्याकडे बघायला लागला. आपला माल असा कुणी विकतं का, असा त्याचा चेहरा. शेवटी त्याने घेतलीच. किल्ली हातात आल्यावर त्याने विचारलं, "पण पॉलिश कुठलं वापरता?"

इतक्या वर्षांत डॉक्टरांनी या प्रश्नाचं उत्तर कुणालाच दिलं नव्हतं.

"मेणाचं," ते म्हणाले. "राखेची चकाकी जास्त. पण मेण गाडीचं काही घेऊन जात नाही. वरचेवर लावावं लागतं, एवढंच. लावत राहा." आणि उरलेली मेणाची बरणी मला कपाटातून आणायला सांगितली.

गाडी गेल्यावर डॉक्टर जवळजवळ दिवसभर ओसरीवरच असायचे. आता त्यांना माणसांचे आकार तेवढे कळत. नाडी, छाती, पोट यांत मात्र त्यांचा हात पूर्वीपेक्षा सावध झाला होता. पण येणारे थोडे. खालापूरची फेरी अपघातापासून बंदच पडलेली. मीही दुसरीकडे नोकरी बघावी, असं त्यांनी मला दोनदा सुचवलं, आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला.

अशाच एका सकाळी रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि बैलगाडी सरळ आमच्या अंगणात शिरली. मोटार जिथे उभी असायची, तिथे आंब्याखाली येऊन थांबली. धाकू लंगडत खाली उतरला. पहाटेच निघाला असणार. बैलांच्या तोंडाला फेस होता. बैलगाडीत पेंढा अंथरून वर जाजम घातलेलं होतं.

"चला, डाक्टर."

डॉक्टरांनी आवाज ओळखला. "कुठे रे?"

"कुंबिवलीला. शालेच्या ओसरीवर मानसं बसल्यात. कालधरनं सांगून ठेवलंय समद्यांना."

"अरे, मला दिसत नाही आता."

"ते समद्यांना ठावं हाय," धाकू म्हणाला. बैलांची पाठ चोळता चोळताच तो बोलत होता. "तुमीच लिवून दिलं न्हवं का फौजदाराला? त्यात काय नवं नाय. ते नवे डाक्टर येत नाय आमच्याकडं. मी इचारलं मानसांना, आंदला डाक्टर चालंल काय. म्हनली, खोटं सांगत नाय ना, मंग चालंल."

डॉक्टर उभे राहिले. त्यांचा हात खांबाला धरलेला होता. माझ्या मनात आलं, आता हे नाही म्हणणार.

"बाई," ते म्हणाले, "माझा कोट कुठे आहे?"

मी आत गेले. एका हातात कोट आणि दुसऱ्या हातात बॅग घेऊन बाहेर आले, तोवर धाकूने त्यांना दंडाला धरून बैलगाडीत बसवलंही होतं.